गाडी रस्त्यात बंद पडली तर कोण येणार? दुचाकी आणि कारसाठी आरएसए (रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यावरची मदत) घेताना

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आणि सप्टेंबर २०२१ मध्ये घेतलेली १२५ सीसी मोटारसायकल. मोटारसायकलवर नवरा रोज जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीत जातो-येतो. कार एरवी दारात उभी असते. मुलगी पुण्यात शिकते म्हणून अधूनमधून पुणे, सासूबाईंसाठी अक्कलकोट आणि वर्षातून एकदा गाणगापूर, एवढंच कारचं फिरणं. कार नवी असताना कंपनीनं रस्त्यावरच्या मदतीचं कार्ड दिलं होतं. वॉरंटीबरोबर त्याची मुदत संपली आणि पुढं कुणी तो विषय काढला नाही.

रविवार, १६ मार्च २०२५. पुण्याहून परत येताना वरवडे टोल मागं पडला होता, मोहोळ यायचं होतं. संध्याकाळचे साडेसात झाले असतील. आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, मग हेडलाइट मंदावले, स्टेअरिंग जड झालं आणि नवऱ्यानं कशीबशी गाडी कडेला घेईपर्यंत ती बंद. मागच्या सीटवर सासूबाई. शेजारून जाणारा प्रत्येक ट्रेलर गाडी हलवून जात होता. मी त्यांना आधी खाली उतरवून बॅरिकेडच्या पलीकडे उभं केलं. कुणाच्याही बाबतीत हे झालं तर पहिलं काम हेच करा. बंद गाडीत बसून राहू नका.

टोलनाक्यांवर १०३३ क्रमांकाचा फलक असतो, तो नवऱ्याला आठवला. राष्ट्रीय महामार्गासाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. गस्तीची गाडी अर्ध्या तासात आली. त्यांनी मागं कोन लावले, क्रेन बोलावून आमची गाडी पुढच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पण त्यांचं काम तिथं संपलं. रस्ता मोकळा करणं ही त्यांची जबाबदारी, गाडी सोलापूरला पोचवणं ही आमची. गस्तीवरच्या मुलानंच एका खासगी क्रेनवाल्याचा नंबर दिला. त्यानं ४,५०० रुपये सांगितले, घासाघीस करून ३,८०० वर आला. रात्री अकराला आम्ही घरी पोचलो. सासूबाई जेवल्याही नाहीत, तशाच झोपल्या.

अल्टरनेटर गेला होता. मेस्त्रीचाचांनी तो दुरुस्त करून बसवला, ५,६०० रुपये झाले. म्हणजे दुरुस्तीच्या जवळपास सत्तर टक्के रक्कम नुसत्या ओढून आणण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी विम्याच्या एजंट काकांना फोन केला. पॉलिसी फुल होती, झीरो डेपसकट (म्हणजे भरपाईतून सुट्या भागांची घसारा-कपात होत नाही). काका म्हणाले, "ताई, कुठं धडकली का? नाही ना? मग यात काही बसत नाही." मी अकाउंट्सचं काम करते, बारीक अक्षरातले कागद वाचायची सवय आहे. रात्री पॉलिसीची सगळी पानं वाचली. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड झाला तर भरपाई नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. अपघातानंतर गाडी उचलून नेण्याचा खर्च मिळतो, पण कारला १,५०० आणि दुचाकीला ३०० रुपयांपर्यंतच. हे आकडे जुन्या मोटार टॅरिफपासून (मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकापासून) चालत आलेले आहेत. आजच्या क्रेनच्या दरात दीड हजारात गाडी फार तर सोलापूरच्या अलीकडच्या बाळ्यापर्यंत जाईल.

मग मार्च-एप्रिल मुलीच्या परीक्षा आणि माझ्या ऑफिसच्या वर्षअखेरीत गेले. मेच्या मध्यात कारच्या विम्याचा रिन्युअलचा मेसेज आला (मुदत २१ जून) तेव्हा विषय पुन्हा वर आला. शिवाय १४ जूनला मुलीचं सामान घेऊन पुण्याला जायचं ठरलं होतं. त्याच्या आत काहीतरी करायचं, एवढं नक्की केलं.

चौकशीला लागल्यावर कळलं की रस्त्यावरच्या मदतीचं हे कव्हर तीन ठिकाणी मिळतं. एक, विमा कंपनी पॉलिसीबरोबर ॲड-ऑन (जास्तीचे पैसे भरून घ्यायची जोड) म्हणून देते. दोन, गाडी बनवणारी कंपनी शोरूममार्फत वार्षिक प्लॅन विकते, वॉरंटी संपलेल्या गाडीलाही. तीन, फक्त हेच काम करणाऱ्या कंपन्या वर्षाचं सभासदत्व देतात. कारसाठी मला ॲड-ऑन २८५ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३३६ रुपयांना मिळत होता. शोरूमचा प्लॅन १,४५० आणि सभासदत्व १,७९९. नवऱ्यानं लगेच निकाल दिला, "३३६ वाला घे आणि मोकळी हो."

मी मोकळी झाले नाही, कारण माहितीपत्रकात तिघांचंही सारखंच लिहिलेलं होतं. बॅटरी बसली तर जंप स्टार्ट, पंक्चर झालं तर स्टेपनी बदलून देणार, चावी आत राहिली तर दार उघडून देणार, पेट्रोल संपलं तर पाच लिटर आणून देणार (पेट्रोलचे पैसे आपले), जागेवर होण्यासारखी किरकोळ दुरुस्ती, आणि नाहीच झाली तर टोचन, म्हणजे गाडी ओढून किंवा उचलून नेणं. सगळं सारखं असताना एक ३३६ आणि दुसरं १,७९९ कसं? ॲड-ऑनच्या अटींचं पान मागितलं. काकांनी ते पाठवायला चार दिवस लावले, पण पाठवलं. त्यातल्या दोन ओळींवर माझं बोट थांबलं. टोचन ५० किलोमीटरपर्यंत. आणि गाडी 'नजीकच्या अधिकृत वर्कशॉप'मध्ये नेली जाईल.

आता हे सोलापूरच्या नकाशावर ठेवून बघा. पुणे इथून अडीचशे किलोमीटर. टेंभुर्णीजवळ गाडी बंद पडली तर नजीकचं अधिकृत वर्कशॉप पंढरपूरला निघू शकतं, इंदापूरलाही निघू शकतं. गाडी तिकडं, आम्ही सोलापुरात, आणि दुरुस्त झाल्यावर ती आणायला पुन्हा एक दिवस. वर आमची कार वॉरंटीबाहेरची. तिचं सगळं काम आसरा चौकाच्या अलीकडचे मेस्त्रीचाचा करतात, अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती दोन वर्षांत गेलेली नाही. ज्याची गाडी तीन वर्षांच्या आतली आहे आणि शोरूमलाच जाते, त्याला ही अट बोचणार नाही. आम्हाला ती सरळ नडणारी होती.

हे सगळं मी चाचांपाशी बोलले तेव्हा ते हसले. म्हणाले, "मॅडम, कागद कितीबी वाचा, येणार कोण हाय ते बघा. मुंबई-दिल्लीवरनं फोन फिरून फिरून आपल्या हितल्याच क्रेनवाल्याकडं येतो." आणि शनिवारी, ३१ मेला, त्यांनी मला हायवेवरच्या त्यांच्या ओळखीच्या एका क्रेनवाल्याकडे नेलं. मे असूनही आदल्या काही दिवसांत जोरदार पाऊस झाला होता, त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं सगळा चिखल. शेडमध्ये एक फ्लॅटबेड, एक मागून उचलणारी क्रेन आणि दुचाक्या न्यायला छोटा हत्ती.

या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात उपयोगी अर्धा तास तो. मी विचारत गेले, तो चहा पीत सांगत गेला.

त्याच्याकडे बऱ्याच कंपन्यांचे कॉल येतात, विमेवाल्यांचे, शोरूमवाल्यांचे, सभासदत्ववाल्यांचे. कॉलबरोबरच किती किलोमीटर मंजूर आहेत ते त्याला कळतं. मंजुरी पंचवीसची आणि अंतर चाळीसचं असेल तर वरच्या पंधराचे पैसे गाडीमालकाकडून रोख घ्यायचे. त्यावरून भांडणं होतात, कारण मालकाला वाटतं सगळं फुकट. दुसरी गोष्ट मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसली नव्हती. काही प्लॅनमध्ये किलोमीटर बंद पडलेल्या जागेपासून मोजतात, काहींमध्ये क्रेन तिच्या शेडमधून निघाल्यापासून परत येईपर्यंत. दुसऱ्या हिशोबात ५० किलोमीटरचा प्लॅन प्रत्यक्षात पंचवीसच्याही आत येतो. तिसरी गोष्ट त्यानं जरा आढेवेढे घेत सांगितली. ज्या कंपनीकडून त्याची बिलं वेळेवर निघतात तिचा कॉल तो आधी घेतो, ज्यांची तीन-तीन महिने अडकतात त्यांच्या कॉलला "गाडी बाहेर गेलीय" असं उत्तर जातं. उशिरा पैसे देणाऱ्यांची नावं त्यानं घेतली नाहीत. धंदा आहे, म्हणाला. पण मी माझ्या यादीतली नावं एकेक वाचली तेव्हा कुठल्या नावाला त्यानं मान हलवली आणि कुठल्या नावाला चहाच्या कपात बघितलं, ते मला पुरेसं होतं.

निघताना मी विचारलं, तुमच्या घरच्या गाडीला कुठला प्लॅन घेतलाय? "माझ्याकडं क्रेन हाय की, मला कशाला लागतंय?"

घरी येऊन तिन्ही ठिकाणी पुन्हा फोन लावले, पण आता प्रश्न वेगळे होते. किलोमीटर कुठून कुठं मोजता? गाडी माझ्या पसंतीच्या गॅरेजला नेणार का? वर्षात किती वेळा, आणि जंप स्टार्ट व टोचन एकाच दिवशी लागलं तर ते एक धरणार की दोन? घरासमोरच बॅटरी बसली तर येणार का, की घरापासून काही अंतर लांब असावं लागतं? विजापूर किंवा गाणगापूरला, म्हणजे कर्नाटकात, चालतं का? घेतल्यापासून किती दिवसांनी सुरू होतं? सोलापूरकरांना राज्याच्या हद्दीचा प्रश्न विचारायलाच हवा, कारण आपल्याकडं तासा-दीड तासात कर्नाटक लागतं. उत्तरं फोनवर गोड मिळतात. प्रत्येकाला मी म्हटलं, हेच ईमेलवर लिहून द्या. एका ठिकाणहून ईमेल आलाच नाही, तो पर्याय मी तिथंच सोडला.

फोनवर आणखी एक करून बघितलं. कॉल सेंटरवरच्या मुलीला म्हटलं, समजा मी बोरामणीजवळ आहे, तर तुम्हाला कसं कळणार? एकीनं तालुका विचारला, पिनकोड विचारला आणि शेवटी "सोलापूर सिटी में किधर?" वर आली. दुसरीनं सरळ सांगितलं की आम्ही लिंक पाठवतो, ती उघडली की तुमचं लोकेशन येतं, आणि इंटरनेट नसेल तर महामार्गाच्या कडेचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा. दुसरी मराठीत बोलत होती. रात्री रस्त्यावर उभं असताना याचा केवढा फरक पडतो हे १६ मार्चनंतर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुचाकीचं गणित निराळंच निघालं. विमा कंपनीचा ॲड-ऑन तिथं शंभराच्या आत होता, पण तो नुसत्या थर्ड पार्टीवर (आपल्या गाडीमुळं दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्यावर) मिळत नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, कारला तीन वर्षांचा. २०१८ पासूनचा हा नियम. आमच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, आम्ही पहिल्या वर्षानंतर ठरवून घेतला नव्हता. शंभर रुपयांच्या ॲड-ऑनसाठी आधी तो घ्या, त्यासाठी गाडीची तपासणी करून घ्या, हे जमणारं नव्हतं. शोरूमचा दुचाकी प्लॅन ४२० रुपयांना होता. त्यातही 'नजीकचं अधिकृत वर्कशॉप' हीच अट आणि ५० किलोमीटरच. पण नवऱ्याचा रोजचा रस्ता चिंचोळी ते जुळे सोलापूर. त्यात नजीकचं म्हणजे सोलापूरच. जी अट कारला नडत होती ती दुचाकीला नडत नव्हती. दोन्ही गाड्यांना एकाच कंपनीचं एकत्र पॅकेज घ्या, थोडे पैसे वाचतील, असं दोन ठिकाणी सुचवलं गेलं होतं. मी ते घेतलं नाही.

३ जूनला कारसाठी १,७९९ चं सभासदत्व घेतलं. १०० किलोमीटर, मोजणी बंद पडलेल्या जागेपासून गॅरेजपर्यंत, गॅरेज आमच्या पसंतीचं, वर्षात चार वेळा, आणि खरेदीनंतर सात दिवसांनी सुरू. म्हणून १४ जूनच्या आधी घेणं गरजेचं होतं. हे लक्षात ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्री घेतलेला प्लॅन बहुधा कामाला येत नाही. दोन दिवसांनी सर्टिफिकेट आलं, त्यात गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे. ईमेल केला, आरसी बुकचा फोटो जोडला. दुरुस्त होऊन यायला आणखी तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत माझा जीव टांगणीला. सर्टिफिकेट आलं की नंबर, चेसिस नंबर आणि तारीख तिथल्या तिथं ताडून बघा. क्रेनवाला आरसीशी जुळवूनच गाडी उचलतो. कारचा विमा १८ जूनला आरएसए ॲड-ऑनशिवाय भरला. एजंट काका थोडे हिरमुसले.

एक फरक घेण्याआधी माहीत असलेला बरा. ॲड-ऑन हा विम्याचा भाग असतो. त्याबद्दल तक्रार असेल तर आधी विमा कंपनीकडे, मग आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर आणि त्यापुढं पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. सभासदत्व हा विमा नाही, ती विकत घेतलेली सेवा. तिथं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. मला दुसरा रस्ता चालणार होता, पण वयस्कर माणसांसाठी घेत असाल तर याचा विचार करा.

दुचाकीचा प्लॅन २० जूनला शोरूममध्ये जाऊन घेतला, तो त्याच दिवशी सुरू झाला. वीस मिनिटांचं काम, आरसी आणि मोबाइलवर ओटीपी.

कारला अजून गरज पडलेली नाही. दुचाकीला पडली. सोमवार, ११ ऑगस्ट, संध्याकाळी पावणेआठला नवऱ्याचा फोन. पाकणीजवळ गाडी बंद, सेल मारला तर नुसता टकटक आवाज, किक मारूनही चालू होत नाही. त्यानं हेल्पलाइनला फोन केला, लिंकवरून लोकेशन गेलं, दहा मिनिटांत क्रेनवाल्याचा नंबर मेसेजवर आला. तासाभरात पोचतो असं सांगितलं होतं, छोटा हत्ती आला सव्वानऊला. वाट बघताना नवरा एका हॉटेलच्या उजेडात उभा राहिला. घरी मी दर दहा मिनिटांनी फोन करून त्याच्या मोबाइलची बॅटरी संपवत होते, शेवटी त्यानंच सांगितलं, आता करू नको.

गाडी चढवण्याआधी नवऱ्यानं चारी बाजूंनी फोटो काढले, मीटरवरच्या किलोमीटरचाही. हे मेस्त्रीचाचांनी शिकवलं होतं, नंतर ओरखडा दिसला तर बोलायला काहीतरी हातात असतं. मोटारसायकल हौद्यात उभी करून दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी आवळली. हॅण्डलला दोरी बांधून मागं ओढत न्यायला कुणी आलं तर नको म्हणा.

आणि मग असा प्रश्न आला जो मी कुणालाच विचारला नव्हता, माझ्या डोक्यातच आला नव्हता. रात्री साडेनऊला सर्व्हिस सेंटर बंद. गाडी उतरवायची कुठं? ड्रायव्हर म्हणाला, घरी सोडतो, पण मग सेवा संपली, उद्या सर्व्हिस सेंटरला तुम्हीच न्यायची. किंवा सेंटरच्या वॉचमनकडे सोडू, त्यानं घेतली तर. नवऱ्यानं हेल्पलाइनला पुन्हा फोन लावला. त्यांनी सेंटरच्या माणसाशी बोलून गाडी आवारात घ्यायला लावली आणि वॉचमननं एका कागदावर नंबर, वेळ लिहून सही दिली. टोचनचे पैसे पडले नाहीत. ड्रायव्हरनं चहापाण्याचे मागितले, नवऱ्यानं पन्नास दिले. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, चार्जिंगचा भाग गेलाय आणि त्यापायी बॅटरीही. २,९४० रुपये, सुट्या भागांचे आणि मजुरीचे. कुठल्याही प्लॅनमध्ये सुटे भाग आपल्याच खिशातून जातात.

त्यानंतर मी कारच्या सभासदत्वाच्या कंपनीलाही हाच रात्रीचा प्रश्न लिहून पाठवला. उत्तर आलं की गाडी आधी घरी आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजला, असं केलं तर दोन सेवा धरल्या जातील. चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, कितीबी वाजता आणा, शटरपुढं लावा, चावी माझ्या घरी द्या.

सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा ऑफिसमधल्या एकानं विचारलं, पाण्यात गाडी बंद पडली तर हे लोक येतात का? माझ्या कागदांप्रमाणे पाण्यातून काढण्याचं काम यात बसत नाही. पाणी ओसरल्यावर टोचन मिळतं. पाणी शिरून इंजिन गेलं तर त्याला विम्यातला वेगळा इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन लागतो. पाणी लागलेली गाडी सुरू करून बघू नका, एवढं मात्र क्रेनवाला, चाचा आणि विमेवाला तिघंही एका सुरात सांगतात.

मोटारसायकलच्या थर्ड पार्टीची मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत. तेव्हा ओन डॅमेजसकट पॉलिसी घ्यायची, शंभराच्या आतला ॲड-ऑन त्यातच टाकायचा आणि शोरूमचा ४२० वाला बंद करायचा, असं सध्या डोक्यात आहे. अटींचं पान यावेळी ऑगस्टमध्येच पाठवा, असं एजंट काकांना सांगून ठेवलंय.